उंबऱ्याबाहेरचे लेखक: रोमपासून नेवाशापर्यंत

शनिशिंगणापूर ज्या नेवासा तालुक्यात येते, त्या तालुक्याच्या मातीत रोमन साम्राज्यातली खापरे सापडली आहेत. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे येथे प्रवरेच्या काठी उत्खनन केले. अश्मयुगातल्या हत्यारांपासून मध्ययुगातल्या घरांपर्यंत मानवी वस्तीचे थर त्यांना तिथे मिळाले. सातवाहनकाळाच्या थरात हाती आले ते अँफोरा नावाच्या कुंभांचे तुकडे. उंच मान, दोन कान आणि निमुळता तळ असलेल्या या मातीच्या कुंभांत मद्य किंवा ऑलिव्हचे तेल भरून ते भूमध्य समुद्राच्या बंदरांत जहाजांवर चढवले जात.

तिथला माल इथवर कसा येत होता, याची कल्पना ‘पेरिप्लस’ या छोट्या ग्रीक पुस्तकावरून येते. रोमन सत्तेखालच्या इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिले. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे तो सांगतो. भडोच बंदरात काय खपते याची यादीही तो देतो. तीत इटलीचे मद्य आहे, तांबे आहे, कथील आहे. खास राजासाठी काय न्यावे हेही त्याने नोंदवले आहे: चांदीची भांडी, गाणारी मुले, जनानखान्यासाठी देखण्या मुली, उंची मद्य.

भांडी आणि मद्य यांच्या मधोमध ही मुले-मुली बसवलेली आहेत. त्यांची नावे, गावे, वये कशाचाही उल्लेख नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या साहित्यांत अशा माणसांचे काय झाले, ती कुठे दिसतात आणि कुणाच्या तोंडून बोलतात, हा प्रश्न रोमइतकाच गोदावरीच्या काठालाही विचारता येतो. दोन्हीकडची उत्तरे मात्र बरीच वेगळी आहेत.

बोलणारे अवजार

लॅटिन साहित्याचा आरंभच एका परक्या माणसापासून होतो. लिव्हियस अँड्रोनिकस हा दक्षिण इटलीतल्या टॅरेंटम या ग्रीक शहरातला. तो युद्धकैदी म्हणून रोमला आला आणि पुढे मुक्त झाला, असे परंपरा सांगते. इ.स.पू. २४० मध्ये त्याने रोमच्या रंगमंचावर लॅटिन नाटक आणले आणि होमरचे ‘ओडिसी’ही त्यानेच लॅटिनमध्ये नेले. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी टेरेन्स हा नाटककार आला. त्याचा जन्म आफ्रिकेतल्या कार्थेजचा. एका रोमन सिनेटरच्या घरी तो गुलाम होता. त्याची बुद्धी पाहून मालकाने त्याला शिकवले आणि मुक्त केले. इ.स.पू. १६६ ते १६० या काळात त्याने सहा सुखात्मिका लिहिल्या. त्या सहाही आज उपलब्ध आहेत आणि पुढे शतकानुशतके युरोपातली मुले त्या वाचूनच लॅटिन शिकली.

तरी टेरेन्सच्या हयातीतच एक अफवा उठली. ही नाटके त्याची नव्हेत, त्याच्या खानदानी मित्रांनी ती लिहून दिली आहेत, असे लोक म्हणू लागले. आपल्या एका नाटकाच्या प्रस्तावनेत टेरेन्सला या आरोपाला तोंड द्यावे लागले. कालपर्यंत गुलाम असलेला माणूस इतके सुंदर लॅटिन लिहू शकतो, हे अनेकांच्या पचनी पडत नव्हते.

गुलामाकडे पाहण्याची तेव्हाची सर्वसाधारण नजर शेतीवरच्या ग्रंथांत उघडी पडते. म्हातारे बैल आणि जुनी गाडी विकावी, तसाच म्हातारा आणि आजारी गुलामही विकून टाकावा, असा सल्ला थोरला कॅटो देतो. इ.स.पू. ३७ च्या सुमारास व्हॅरो शेतीच्या साधनांची त्रिविध वर्गवारी नोंदवतो: बोलणारी, नुसता आवाज करणारी आणि मुकी. गाड्या मुक्या, बैल आवाज करणारे आणि गुलाम बोलणारे. व्हॅरो अत्यंत विद्वान गृहस्थ होता. हे वाक्य लिहिताना त्याला काही क्रूर लिहितो आहोत असे वाटल्याची खूण कुठेच नाही.

या नजरेला आतूनही विरोध झाला. तत्त्वज्ञ सेनेकाने पहिल्या शतकात एका मित्राला पाठवलेल्या पत्रात जेवणाच्या वेळी उपाशीपोटी ताटकळत उभ्या राहणाऱ्या गुलामांचे वर्णन केले आहे. त्यांनी ओठ हलवायचे नाहीत, खोकला किंवा शिंक आली तरी फटका बसायचा. ही माणसेच आहेत, आपल्यासारख्याच बीजातून जन्मलेली आहेत, असे तो मित्राला बजावतो. दुसऱ्या शतकात अपुलियसच्या कादंबरीत तर नायकच गाढव होतो आणि गिरणीला जुंपला जातो. तिथे तो पाहतो ती माणसे भयानक आहेत: अर्धे डोके भादरलेले, कपाळावर डाग दिलेला, पायांत बेड्या आणि अंगावर वळांचे जाळे. अपुलियस स्वतः आफ्रिकेतला, राजधानीपासून दूरच्या प्रांतात वाढलेला होता. शोषणाचे इतके उघडे चित्र लॅटिनमध्ये क्वचितच सापडते.

दुसरीकडे परक्यांचा तिरस्कारही याच साहित्यात ठळक आहे. ज्युव्हेनलच्या तिसऱ्या उपहासकाव्यातला उंब्रिशियस रोम सोडून निघाला आहे, कारण ग्रीक आणि सिरियन लोकांनी शहर भरून गेले आहे. सिरियातली ओरोंटीस नदी टायबरमध्ये येऊन मिळते, अशी त्याची तक्रार आहे. पेट्रोनियसच्या कादंबरीत ट्रिमाल्किओ हा मुक्त झालेला गुलाम अफाट श्रीमंत आहे, पण वाचकाने त्याच्या चालीरीतींना हसावे अशीच त्याची मांडणी आहे. माणूस मुक्त झाला तरी त्याचे गुलाम असणे त्याचा पिच्छा सोडत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर शांतताच जास्त. अभिजात काळातल्या रोमन स्त्रीने लॅटिनमध्ये लिहिलेली म्हणावी अशी कविता जवळजवळ एकाच व्यक्तीची उरली आहे. ती सल्पिशिया. तिच्या सहा छोट्या प्रेमकविता टिबुलस या पुरुष कवीच्या संग्रहात मिसळून गेल्या म्हणून वाचल्या, आणि सल्पिशिया होती ती उच्चकुलीन. गुलाम स्त्रीचा, तिच्या स्वतःच्या शब्दांतला आवाज त्या साहित्यात मिळत नाही.

लेण्यांतले यवन आणि शेतातल्या बायका

रोमन साम्राज्याच्या ऐन भरात महाराष्ट्रात सातवाहनांचे राज्य होते. इथल्या लेखांत परका माणूस दोन अगदी विरुद्ध रूपांत भेटतो. कार्ल्याच्या चैत्यातल्या अनेक खांबांवर तो खांब दान करणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते आहेत. पाश्चात्त्य मुलखांशी नाते असलेली ही माणसे इथे प्राकृतात आपली नावे लिहवून घेतात आणि दाता म्हणून सन्मानाने नांदतात. नाशिकच्या लेण्यात मात्र गौतमी बलश्री ही राजमाता आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे गुणगान करते, तेव्हा त्याने शक, यवन आणि पहलवांचा संहार केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला, हे त्याचे मोठेपण म्हणून सांगते. म्हणजे परक्याला घरात घेणे आणि परक्याला चिरडल्याचा अभिमान बाळगणे या दोन्ही गोष्टी सह्याद्रीच्या कातळावर शेजारीशेजारी आहेत.

याच काळातली मूळ सामग्री असलेला ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह हाल सातवाहनाच्या नावावर आहे. सातशे गाथांच्या या संग्रहात राजवाडा फारसा नाही. नांगऱ्याची बायको आहे, पारधी आहे, वाटसरू आहे, गोदावरीच्या काठी भेटणारी माणसे आहेत. बऱ्याच गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत आणि जुन्या टीकाकारांनी काही गाथांपुढे रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी कवयित्रींची नावे नोंदवली आहेत. सल्पिशियाच्या एकटेपणाशेजारी ही नावे ठेवून पाहिली म्हणजे त्यांचे मोल कळते.

वाळीत टाकलेल्या घरातला ग्रंथ

मग हजारेक वर्षांनी, यादवांच्या काळात, नेवाशातच मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ जन्माला आला. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. ज्ञानेश्वर खांबाला टेकून सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते, अशी आठवण परंपरेने जपली आहे. नेवाशाच्या मंदिरात तो ‘पैसाचा खांब’ आजही लोक पाहतात. ग्रंथाच्या शेवटी काळ, राजा रामचंद्र आणि गोदाकाठचे ते स्थान यांची नोंदही आहे.

हा कवी समाजाबाहेरचा होता. त्यांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतले, म्हणून आळंदीच्या ब्राह्मणांनी त्या कुटुंबाला वाळीत टाकले. ‘संन्याशाची पोरे’ म्हणून चारही भावंडांना हिणवले गेले. मुंजीचा अधिकार मिळावा म्हणून त्यांना पैठणच्या धर्मपीठापर्यंत जावे लागले. अशा माणसाने अठराव्या अध्यायात वेदांबद्दल जे म्हटले, ते वाचून आजही थबकायला होते. वेद श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, तो फक्त तीन वर्णांच्याच कानी लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव. उरलेल्या स्त्रिया आणि शूद्रांसाठी गीता आली, असे ज्ञानेश्वर पुढे सांगतात.

महानुभाव पंथाने हीच वाट थोडी आधी धरली होती. चक्रधरस्वामी परंपरेनुसार भडोचचे. ज्या बंदरातून कधीकाळी इटलीचे मद्य पैठणला जात होते, त्याच गावातून हा परप्रांतीय आला आणि महाराष्ट्रात मराठी बोलत फिरला. गोदाकाठच्या सराळ्याच्या म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गावोगाव हिंडून गोळा केल्या आणि १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मासिक पाळीचा विटाळ चक्रधरांना मान्य नव्हता. शरीरातून इतर मळ जातात तसाच हाही एक, असे ते शिष्यांना समजावत. त्यांच्या मंडळीत विधवा स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांतल्या महदंबेने धवळे रचले आणि ती मराठीतली आद्य कवयित्री ठरली. पुढे केशोबास या शिष्याने संस्कृतात रचना करायचे मनात आणले, तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी त्याला थांबवले. तसे केले तर आपल्या म्हाताऱ्या बायांना काहीच हाती लागणार नाही, ही त्यांची काळजी होती.

लेखणी कुणाच्या हाती

चौदाव्या शतकात पंढरपूर-मंगळवेढ्याकडे चोखामेळ्याचे कुटुंब उभे राहते आणि रोमपेक्षा वेगळी अशी एक गोष्ट इथे स्पष्ट दिसते. चोखामेळा, त्याची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा हे पाचही जण कवी होते. गावाबाहेर राहणाऱ्या, मेलेली ढोरे ओढणाऱ्या महार कुटुंबातले हे पाच कवी प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपले नाव घालतात. सोयराबाई स्वतःला चोख्याची महारी म्हणवते आणि विटाळाचा प्रश्न थेट देवापुढे टाकते: देहच विटाळातून घडतो, तर सोवळा कोण? नामदेवाच्या घरी दासी असलेली गंगाखेडची जनाबाई आपली ओळख नामयाची दासी अशीच देते आणि दळणकांडण करताना विठ्ठलाला सोबतीला बोलावते. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा हीसुद्धा स्वतःच्या नावाने अभंग रचते. इटलीतल्या कुठल्या शेतावरच्या दासीची अशी नाममुद्रा लॅटिन साहित्यात शोधूनही सापडणार नाही.

लिहिणारा कोण, हा मुद्दा त्याहून बोलका आहे. सिसेरो या थोर वक्त्याचा लेखनिक टायरो हा गुलाम होता. मालक बोलेल ते तो झरझर टिपून घेई. इ.स.पू. ५३ मध्ये त्याला मुक्त केले गेले आणि सिसेरोच्या मृत्यूनंतरही त्याचे लेखन जपण्यात टायरोचा मोठा वाटा होता. रोमन घरांत हे नेहमीचेच होते. बोलणारा मालक, लिहिणारा गुलाम. वारकरी परंपरेत कोणत्या संताचा लेखक कोण याची यादी सांगितली जाते. तीत चोखामेळ्याचा लेखक म्हणून येतो तो अनंतभट्ट, एक ब्राह्मण. इथे बोलणारा महार आहे आणि शब्द टिपून घेणारा भट.

म्हणून लगेच हुरळून जाण्याचे कारण नाही. अभंगांत चोख्याला पूर्ण जागा होती, मंदिरात नव्हती. आपल्या हीन जन्माचा दोष तो मागच्या जन्मीच्या कर्मावर घालतो. मुलगा कर्ममेळा मात्र ते मान्य करत नाही आणि असा जन्म का दिला म्हणून देवालाच जाब विचारतो. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखामेळा मेला. ते काम महारांकडून वेठीने करून घेतले जात होते. त्याच्या अस्थी नामदेवाने पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर पुरल्या. समाधी मंदिराच्या बाहेर आहे, पायरीपाशी. अस्पृश्यांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा चोख्याच्या मृत्यूला सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती.

शिंगणापूरचा चौथरा

पंढरपूरनंतर जवळजवळ सात दशकांनी असाच प्रश्न नेवासा तालुक्यात उभा राहिला. शिंगणापूरला शनीची साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर आहे. तिच्यावर छप्पर नाही. गावातल्या घरांना दारे नसतात ही ख्याती सर्वदूर पसरलेली. चौथऱ्यावर मात्र बायकांना जाऊ देत नव्हते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालीच याविरुद्ध आवाज उठवला होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने चौथऱ्यावर जाऊन तेल वाहिले. त्यानंतर शिळेला अभिषेक करून ‘शुद्धी’ करण्यात आली. पुढच्या महिन्यांत घटना भराभर घडल्या. जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री, अनिता शेटे, निवडून आल्या. २६ जानेवारीला तृप्ती देसाई यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या भूमाता ब्रिगेडच्या स्त्रियांना पोलिसांनी वाटेत सुपे येथे अडवले. ज्येष्ठ कार्यकर्त्या विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सांगितले की १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा स्त्रियांनाही लागू आहे आणि तो राबवणे सरकारचे काम आहे. त्यानंतरही स्त्रियांना अडवले गेलेच. शेवटी ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, गावातल्या पुरुषांनी चौथऱ्यावर जाऊन नदीवरून आणलेले पाणी शिळेवर वाहिले. मग विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला आणि त्याच दिवशी स्त्रियांनीही दर्शन घेतले.

मूळचा अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा हा कायदा इथे स्त्रियांच्या उपयोगी पडला. विटाळ, शुद्धी आणि अडवणूक यांची सोयराबाईच्या अभंगांतली ओळख काही जुनी झालेली नव्हती, हे त्या अभिषेकाने दाखवून दिले.

दगडू बोलतो, दया ऐकतो

अभंगांतला हा जाब एकोणिसाव्या शतकात गद्यात उतरला, त्यातही नेवासा ज्यात येते त्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. अहमदनगरला १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. १८५५ मध्ये त्यात मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या, जोतीराव फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध छापून आला. ती तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर आमच्याकडे धर्मपुस्तक नाही आणि मग आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या महार-मांग स्त्रियांचे हाल ती लिहिते. वेदाच्या कंजूषपणाबद्दल ज्ञानेश्वरांनी नेवाशात जे म्हटले होते, तोच हिशेब साडेपाचशे वर्षांनी ही मुलगी चुकता करायला सांगत होती. १८७३ मध्ये फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांनीही नगर आणि शिंगणापूरशेजारच्या राहुरीत आयुष्याची बरीच वर्षे काढली. धर्मांतरामुळे नातलगांना आणि जातीला पारखे होणे म्हणजे काय, हे त्यांनी कसलाही आव न आणता सांगितले.

नेवाशाला वळसा घालणारी प्रवरा उगम पावते ती अकोले तालुक्यात. त्याच तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. गावकीची कामे, मुंबईतला कावाखाना, भूक, लाज आणि शिक्षण यांची ही कथा आहे. तिची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. दगडू मारुती पवार नावाचा माणूस आपली कहाणी सांगतो आणि शिकलासवरलेला दया पवार ती ऐकून लिहून घेतो. दगडू हे लेखकाचेच नाव. रोममध्ये मालक सांगे आणि टायरो लिही, मंगळवेढ्यात चोखा सांगे आणि अनंतभट्ट लिही. ‘बलुतं’मध्ये सांगणारा आणि लिहिणारा एकच आहे, तरी त्याने स्वतःचे दोन भाग केले, कारण शिकून शहरात आल्यावर गावकुसाबाहेरच्या दगडूचे ऐकायला कुणीतरी समोर बसायला हवे होते. या पुस्तकाने मराठी दलित आत्मकथनांची वाट मोकळी केली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये त्याच वाटेने आले. २०१५ मध्ये जेरी पिंटो यांनी ‘बलुतं’ इंग्रजीत नेले आणि दगडूची कहाणी मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंतही पोचली.